भट्टीतल्या सामानासाठी मिश्रधातू निवडताना: क्रोमियम, ॲल्युमिनियम आणि त्यांचे सोबती

भट्टीचा ट्रे, जाळी, मफल (भट्टीच्या आतली बंद पेटी) किंवा हीटरची तार घ्यायला गेलेला नवा माणूस एकच प्रश्न विचारतो, "हे किती डिग्रीला चालेल?" दुकानदार एक आकडा सांगतो, आणि काही महिन्यांनी भट्टीच्या तळाशी काळ्या खपल्यांचा ढीग साचतो. आकडा खोटा नसतो. तो कोणत्या परिस्थितीतला आहे, हे कुणी विचारलेलं नसतं एवढंच.

विचारायचं असतं ते असं. तापल्यावर या धातूवर कुठल्या ऑक्साइडचा थर बसतो? गार होताना तो थर धरून राहतो की सुटतो? आणि सुटलाच, तर पुन्हा बनवायला धातूत किती माल शिल्लक आहे? मिश्रणात घातलेलं प्रत्येक मूलद्रव्य या तीनपैकी कुठल्या तरी प्रश्नावर काम करतं, किंवा काम बिघडवतं.

पायरी १: साधं लोखंड का हरतं, ते आधी समजून घ्या

बहुतेक धातू हवेत तापले की त्यांच्यावर ऑक्साइड बसतो. एकदा सलग थर झाला की धातू आणि हवा यांची गाठ थेट पडत नाही. पुढची वाढ त्या थरातून अणू किती भराभर पलीकडे जातात यावर अवलंबून असते. लोखंडावर सुमारे ५७० अंशांखाली मॅग्नेटाइट आणि हेमटाइट हे लोखंडाचे ऑक्साइड बनतात, तोवर गाडी बरी चालते. त्याच्या वर वुस्टाइट हा तिसरा ऑक्साइड तयार होतो. वुस्टाइटच्या स्फटिकरचनेत लोखंडाच्या अणूंच्या कितीतरी जागा रिकाम्या असतात, त्यामुळे आतलं लोखंड त्यातून सहज बाहेर येत राहतं. १००० अंशांना लोखंडावरच्या स्केलचा, म्हणजे ऑक्साइडच्या थराचा, बहुतेक भाग वुस्टाइटच असतो. रोलिंग मिलमध्ये तापल्या बिलेटवरून (पोलादाच्या ठोकळ्यावरून) गळणारी पापुद्र्यांची चळत ती हीच.

चांगला थर जसा जाड होतो तसा सावकाश वाढतो. दर चौरस सेंटीमीटरमागे वाढलेल्या वजनाचा वर्ग वेळेच्या प्रमाणात असतो, म्हणजे थर दुप्पट व्हायला वेळ चौपट लागतो. हा नियम लक्षात ठेवा, पाचव्या पायरीत लागेल.

पायरी २: थर कुणाचा हवा, ते ठरवा

कामाचे थर तीनच: क्रोमियम ऑक्साइड, ॲल्युमिनियम ऑक्साइड (ॲल्युमिना) आणि सिलिका (सिलिकॉनचा ऑक्साइड).

क्रोमियम सगळ्यांत सोयीचं. ते थोडं असलं तरी फायदा होतो. बॉयलरच्या नळ्यांत सव्वा, सव्वादोन आणि नऊ टक्के क्रोमियमची स्टील्स वापरतात त्यामागे मजबुतीइतकंच हेही कारण आहे. पण लोखंडाला पूर्ण झाकणारा, सलग क्रोमियम ऑक्साइडचा थर हवा असेल तर साधारण १८ ते २० टक्के क्रोमियम लागतं. कमी पडलं की थरात जागोजागी लोखंडाच्या ऑक्साइडच्या गाठी फुटतात.

क्रोमियमची मर्यादा वरच्या टोकाला आहे. साधारण १००० अंशांच्या पुढे क्रोमियम ऑक्साइडचा हवेतल्या ऑक्सिजनशी आणखी संयोग होऊन त्याची वाफ होते आणि थर वरून झिजत जातो. हवेत पाण्याची वाफ असेल तर हीच झीज त्याहून बऱ्याच कमी तापमानाला सुरू होते. नैसर्गिक वायू जाळणाऱ्या भट्टीच्या धुरात पाण्याची वाफ १८-१९ टक्क्यांपर्यंत जाते, त्यामुळे विजेच्या भट्टीत वर्षानुवर्षं टिकलेला पत्रा गॅसच्या भट्टीत तसाच टिकेल असं धरून चालू नका.

ॲल्युमिनियमचा थर त्याच तापमानाला क्रोमियमच्या थरापेक्षा ढोबळमानाने शंभरपट सावकाश वाढतो आणि त्याची वाफ होत नाही. मग सगळीकडे तोच का नाही? लोखंडात पाच-सहा टक्के ॲल्युमिनियम घातलं की पत्रा ओढायला आणि वाकवायला अवघड जातो, वेल्ड ठिसूळ होतो. शिवाय ही लोखंड-क्रोमियम-ॲल्युमिनियमची तार गरम असताना स्वतःच्या वजनाने लोंबते. इथे क्रोमियम मदतीला येतं. २०-२२ टक्के क्रोमियम असलं की सुरुवातीला तेच ऑक्सिजन अडवून धरतं आणि त्याच्या आडोशाला चार-पाच टक्के ॲल्युमिनियमही सलग थर बांधू शकतं. एकट्या ॲल्युमिनियमला याहून बरंच जास्त प्रमाण लागलं असतं. स्वीडनमधल्या हालस्टाहामर इथे हान्स फॉन कांट्झो यांनी हेच मिश्रण विकसित केलं आणि त्यांच्या नावावरून 'कँथल' हा शब्द रूढ झाला. आपल्याकडे हीटरवाले आजही कुठल्याही तारेला कँथल म्हणतात, त्यावर विसंबू नका. निक्रोम त्याहून जुनं. अमेरिकेत अल्बर्ट मार्श यांना त्याचं पेटंट १९०६ साली मिळालं. ८० टक्के निकेल, २० टक्के क्रोमियमची निक्रोम तार साधारण १२०० अंशांपर्यंत चालते, तर २२ टक्के क्रोमियम आणि ५.८ टक्के ॲल्युमिनियमची तार १४०० पर्यंत.

तार कुठली, हे चुंबकाने कळतं. थंड असताना लोखंड-क्रोमियम-ॲल्युमिनियमची तार चुंबकाला चिकटते, निक्रोम चिकटत नाही.

सिलिकॉन जोडीदार म्हणून उत्तम. एक-दोन टक्के सिलिकॉन क्रोमियमच्या थराखाली सिलिकाचा बारीक पडदा धरतं. त्याहून वाढवलं की वेल्डला तडे जातात, म्हणून कारखाने तिथेच थांबतात.

पायरी ३: एक नाही, दोन आकडे मागा

स्टेनलेस स्टीलच्या प्रकारांना ३०४, ४३० असे ग्रेडचे नंबर असतात. हवेतल्या वापरासाठी प्रत्येक ग्रेडचे दोन आकडे प्रचलित आहेत. एक सतत तापलेल्या स्थितीचा, दुसरा तापव-गार करण्याचा. ३०४ ला सतत ९२५, पण तापव-गार असेल तर ८७०. ३०९ ला १०९५ आणि ९८०. ३१० ला ११५० आणि १०३५. आता ४३० बघा: सतत ८१५, आणि तापव-गारला ८७०. ४४६ चंही तसंच, सतत १०९५ आणि तापव-गारला ११७५.

३०० सिरीजमध्ये तापव-गारचा आकडा खाली, ४०० मध्ये वर. हा छपाईचा घोटाळा नाही. ३०४ चं प्रसरण दर अंशाला दहा लाखांत सुमारे १७-१८ भाग असतं, ४३० चं १०-११ आणि क्रोमियम ऑक्साइडचं त्याहूनही कमी. गार होताना ३०४ आकसतं, वरचा थर तितका आकसत नाही, मग तो फुगून सुटतो. ४३० आणि त्याच्या थराची चाल बरीच जुळते. रोज सकाळी पेटवून संध्याकाळी विझवायच्या भट्टीत स्वस्तातलं ४३० महागड्या ३०४ च्या बरोबरीने थर टिकवतं. पण गरम असताना वजन पेलायचं असेल तर ४३० मऊ पडतं, हे विसरू नका. आणि ४४६ सारखा जास्त क्रोमियमचा फेरिटिक (चुंबकाला चिकटणाऱ्या ४०० सिरीजमधला) पत्रा ४७५ अंशांच्या आसपास फार काळ ठेवला तर ठिसूळ होतो.

बाजारात २०० सिरीजचं स्टील ३०४ म्हणून गळ्यात मारलं जातं. त्यात निकेलच्या जागी बरंच मँगनीज असतं आणि क्रोमियमही कमी. २०१ आणि २०२ ची हवेतली मर्यादा ८१५-८४५ च्या घरात आहे. माल घेताना एक्सरे गनने क्रोमियम, निकेल आणि मँगनीज तपासून घ्या. हातात धरायची ही गन कार्बन मात्र दाखवत नाही.

पायरी ४: सोबतचे घटक बघा

निकेल स्वतः थर बांधत नाही, पण धातूचं प्रसरण थोडं कमी करतं आणि गरम असताना ताकद देतं. ३०४ पेक्षा ३१० सरस ठरतं त्यात जादा क्रोमियमइतकाच निकेलचाही वाटा आहे. मात्र धुरात गंधक असेल तर निकेल शत्रू ठरतं. निकेल आणि त्याचं सल्फाइड यांचं मिश्रण ६४० अंशांच्या आसपास वितळतं, आणि वितळलेल्या थराने काहीच राखलं जात नाही. फर्नेस ऑइलवर चालणाऱ्या भट्टीत जास्त निकेलची मिश्रधातू घालण्याआधी दोनदा विचार करा.

सेरियम, लँथॅनम, यिट्रियम, झिर्कोनियम, हॅफ्नियम यांचं प्रमाण नगण्य, काम मोठं. १९३७ च्या पफाइल यांच्या ब्रिटिश पेटंटपासून ही युक्ती चालत आली आहे. ०.०५ टक्के सेरियमने थराची पकड बदलते. क्रोमियमचा थर नंतर मुख्यतः बाहेरून आत येणाऱ्या ऑक्सिजनने वाढतो, सावकाश वाढतो आणि धातूला घट्ट धरतो. धातूतलं गंधक थर आणि धातूच्या सांध्यात जाऊन बसतं आणि पकड ढिली करतं. हे घटक त्याला आधीच बांधून ठेवतात. २१ टक्के क्रोमियम, ११ टक्के निकेल, सुमारे १.६ टक्के सिलिकॉन आणि ०.०५ टक्के सेरियम असलेलं २५३एमए कमी निकेलमध्ये ३१० च्या तोडीस तोड, म्हणजे ११५० पर्यंत जातं ते याच जोरावर. जास्त घातलं तर जास्त फायदा, असं मात्र इथे चालत नाही. ठरलेल्या प्रमाणाबाहेर गेलं की हीच मूलद्रव्यं आतल्या आत ऑक्साइड होऊन थराला भोकं पाडतात.

मॉलिब्डेनम आणि व्हॅनेडियम यांच्याबद्दल बेसावध राहू नका. मॉलिब्डेनमचा ऑक्साइड ७९५ अंशांना वितळतो आणि त्याची वाफही होते. व्हॅनेडियमचा ऑक्साइड तर ७०० च्या आतच वितळतो. ३१६ मध्ये दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं. खेळत्या हवेत ते निभावतं, पण गॅस्केटखाली, दोन पत्र्यांच्या सापटीत किंवा घट्ट बंद पेटीत वाफ कोंडली की तिथला धातू अचानक खाल्ला जातो. "३१६ हे ३०४ पेक्षा भारी" हा नियम पाण्यासाठी आहे, भट्टीसाठी नाही.

कार्बन क्रोमियमला कार्बाइडमध्ये अडकवतं, म्हणून पत्र्यात कमी बरं. ओतीव मालात गोष्ट वेगळी. फाउंड्रीत ३१० चा भाऊ 'एचके' नावाने ओळखला जातो आणि त्याच्या एचके-४० या प्रकारात कार्बन मुद्दाम ०.४ टक्के ठेवतात, कारण तिथे गरम ताकद हवी असते.

पायरी ५: साठ्याचा हिशेब करा

हा हिशेब बहुतेक जण टाळतात, आणि फसतात.

समजा ३१० चा, म्हणजे २५ टक्के क्रोमियमचा, २ मिमी जाडीचा पत्रा आहे, दोन्ही बाजू उघड्या. चाचणीत १०० तासांत दर चौरस सेंटीमीटरमागे ०.५ मिलिग्रॅम वजन वाढलं. थर सुटला नाही तर १०,००० तासांत, म्हणजे शंभरपट वेळेत, वाढ दहापट होईल: ५ मिलिग्रॅम. क्रोमियम ऑक्साइडसाठी १ मिलिग्रॅम वाढ म्हणजे सुमारे ६ मायक्रॉन थर, तेव्हा हा थर ३० मायक्रॉनचा. ५ मिलिग्रॅम ऑक्सिजनने १०.८ मिलिग्रॅम क्रोमियम खाल्लं. पत्र्याच्या एका बाजूच्या वाट्याला १ मिमी जाडी, म्हणजे चौरस सेंटीमीटरमागे ७९० मिलिग्रॅम धातू. क्रोमियम घटलं फक्त १.४ टक्क्याने. पंचविसाचं साडेतेवीस झालं, बिघडलं काही नाही.

आता तोच पत्रा, तीच भट्टी, पण दर १०० तासांनी गार होते आणि थर पूर्ण सुटतो. प्रत्येक वेळी पुन्हा पहिल्यापासून ०.५ मिलिग्रॅम. १०० फेऱ्यांत ५० मिलिग्रॅम ऑक्सिजन, १०८ मिलिग्रॅम क्रोमियम, म्हणजे साडेतेरा टक्क्यांहून जास्त. पंचविसाचं अकरावर आलं. एवढ्यावर सलग थर बनत नाही, आणि तिथून पुढे लोखंड साध्या लोखंडासारखं जळतं. प्रत्यक्षात सगळा थर दर वेळी सुटत नाही, त्यामुळे खरं आयुष्य या दोन टोकांच्या मधे कुठेतरी पडतं. ते कुठे, हे पकडीवर ठरतं.

बारीक तारेत साठा आणखी तुटपुंजा. १ मिमी व्यासाच्या, पाच टक्के ॲल्युमिनियमच्या तारेत दर चौरस सेंटीमीटर पृष्ठभागामागे धातू सुमारे १७८ मिलिग्रॅम. त्यातलं दोन टक्के ॲल्युमिनियम राखीव धरलं तर खर्चायला उरतात साधारण ५.३ मिलिग्रॅम. ०.३ मिमी तारेत फक्त १.६. तापमान तेच, तारेतला साठा मात्र तिसऱ्या हिश्श्यावर. म्हणून जास्त तापमानाला बारीक तार वापरू नये.

पायरी ६: स्वतः चाचणी घ्या

सामान फारसं लागत नाही: मफल फर्नेस, ०.१ मिलिग्रॅम दाखवणारा वजनकाटा, झाकणाच्या ॲल्युमिना मुशी, के-टाइप थर्मोकपल (तापमान मोजायची तारजोडी), सिलिका जेल घातलेला डेसिकेटर (नमुना कोरडा ठेवायचं बंद भांडं).

पट्टी २० × १० × २ मिमी कापा. पृष्ठभाग ५.२ चौरस सेंटीमीटर येतो. ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, कडा आणि कोपरे किंचित गोल करा, कारण थर आधी कोपऱ्यावर तडकतो. लोखंडावर वापरलेला पेपर घेऊ नका, त्याचे कण रुतले की तिथून लाल गाठी फुटतात. ॲसिटोनने धुऊन, सुकवून, पुढे चिमट्यानेच धरा. बोटाच्या घामातलं मीठ थराला पुरेसा त्रास देतं.

मुशी आधी चाचणीच्या तापमानाहून ५० अंश वर, वजन स्थिर होईपर्यंत भाजा. पट्टी मुशीत अशी उभी ठेवा की दोन्ही बाजूंना हवा लागेल. थर्मोकपल मुशीच्या शेजारी. भट्टीच्या दारावरचा आकडा आणि आतला आकडा यांत वीस-तीस अंशांचा फरक सहज निघतो. २४ तास तापवा, बाहेर काढण्याच्या क्षणी मुशीवर झाकण ठेवा, मग गार होऊ द्या. पकड कच्ची असेल तर झाकणाखालून टिकटिक ऐकू येते. थर तडकून उडण्याचा तो आवाज आहे. झाकण नसतं तर खपल्या टेबलावर गेल्या असत्या आणि हिशेब चुकला असता.

पूर्ण गार झाल्यावर दोन वजनं घ्या. पट्टीसह मूस आणि झाकण यांच्या वजनातली वाढ म्हणजे एकूण ऑक्सिजन. नुसत्या पट्टीच्या वजनातला बदल चिकटून राहिलेल्या थराचा. दोन्ही वाढींतला फरक म्हणजे सुटलेली खपली. निदान दहा फेऱ्या करा आणि एका ग्रेडच्या तीन पट्ट्या ठेवा. एकीवरून निष्कर्ष काढू नका.

मॉलिब्डेनम असलेल्या ग्रेडची पट्टी दुसऱ्या पट्ट्यांसोबत ठेवू नका, तिची वाफ शेजाऱ्यांना बाधते. क्रोमियमची वाफही दिसते: पांढरी मूस हळूहळू गुलाबी होत जाते. असं झालं तर वजनवाढ कमी दिसणं हे चांगलं लक्षण मानू नका. ऑक्सिजनने वाढलेलं वजन वाफेने खाल्लेलं असू शकतं. तेव्हा पट्टी कापून, घासून, मायक्रोस्कोपखाली थर आणि त्याखालचा धातू बघावाच लागतो.

निकाल लवकर हवा म्हणून तापमान शंभर अंशांनी वाढवायचा मोह होतो. ॲल्युमिनियमवाल्या धातूत तसं केलंत तर थराची जातच बदलते. ९०० च्या खाली बनणारा ॲल्युमिना कच्चा असतो आणि भराभर वाढतो. घट्ट, सावकाश वाढणारा अल्फा ॲल्युमिना १००० च्या वर लवकर मिळतो. म्हणूनच नवी तार कमी तापमानाच्या कामाला लावण्याआधी कोरड्या हवेत १०५० अंशांना सात ते दहा तास भाजून घेतात.

पायरी ७: रंग वाचायला शिका

करडा, एकसारखा, नखाने न निघणारा थर असेल तर काळजी नाही. हिरवट पूड क्रोमियम ऑक्साइडची, थोडी चालते. स्टेनलेसवर तपकिरी-लाल फोड म्हणजे क्रोमियम तिथे संपलं आणि लोखंड वर आलं. हे फोड बहुधा वेल्डवर, कापलेल्या कडेवर किंवा खरवडलेल्या जागी आधी येतात. निक्रोम तुटल्यावर तुकड्याचं तोंड हिरवं दिसलं तर भट्टीतलं वातावरण कार्बनयुक्त आणि ऑक्सिजनला कमी आहे. तिथे निक्रोम बदलून दुसरी निक्रोम घालणं म्हणजे पैसे वाया.

पायरी ८: बसवताना होणारी नासाडी टाळा

३१० च्या पत्र्याला ३०८ ची रॉड वापरली की पहिल्यांदा वेल्डच जळतो, ३१० चीच रॉड घ्या. वेल्डचा निळा-काळा डाग घासून काढा, त्याखाली क्रोमियम कमी झालेलं असतं. गॅल्व्हनाइज्ड पत्रा, झिंकचा रंग किंवा त्याचे शिंतोडे गरम स्टेनलेसला लागू देऊ नका, झिंक ४२० अंशांना वितळून स्टीलच्या कणांच्या सांध्यांत शिरतं आणि तडे जातात. बऱ्याच कटिंग ऑइलमध्ये गंधक असतं, म्हणून निकेलचा माल भट्टीत घालण्याआधी चांगला धुवा.

कँथलसारखी तार एकदा लाल झाली की आतले कण मोठे होऊन ती ठिसूळ होते. थंड असताना वाकवली तर काचेसारखी तुटते. आकार बदलायचाच असेल तर लाल गरम करूनच वाकवा. तिच्याखालची वीट ४५ टक्क्यांहून जास्त ॲल्युमिनाची आणि कमी लोखंडाची घ्या. साधी भट्टीची माती, वॉटर ग्लास किंवा सिमेंट तिला लागलं की थरात वितळणारं मिश्रण बनतं आणि तार नेमकी टेकलेल्या जागी जळते. तुटलेल्या तारेचं टोक विटेच्या खाचेतच सापडलं, तर तारेआधी वीट तपासा.